रेल्वे बोर्डाला खुलं पत्र: आमच्या उशिराचा राग गार्डच्या दारात आणून सोडू नका

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
रेल्वे बोर्ड, नवी दिल्ली

विषय: गार्ड (ट्रेन मॅनेजर) व लोको पायलट यांना ड्यूटीवर हक्काची विश्रांती देणे आणि गाडीच्या उशिराचं खरं कारण प्रवाशांना सांगणे याबाबत.

महोदय,

मी नाशिकरोडची पासधारक. घर जेलरोडला, नोकरी मुंबईत. नाशिकरोड ते सीएसएमटी १८७ किलोमीटर. सकाळी सातच्या सुमारास निघायचं आणि रात्री परत यायचं. आमच्या ऑफिसात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापतात. रात्रीची गाडी रखडली की घरी सासूबाई पोळ्या झाकून दाराकडे बघत बसतात. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की पत्र एखाद्या कर्मचारी संघटनेनं लिहून घेतलंय. माझ्या माहेरी-सासरी रेल्वेत कुणीही नाही. गाडी लेट झाली की जिचं नुकसान होतं आणि जिचं डोकं फिरतं, अशी मी एक साधी प्रवासी आहे. तरीही हे पत्र गार्डच्या बाजूनं आहे.

पत्राला निमित्तं दोन. एक तुमचं, एक आमचं.

तुमचं निमित्त एप्रिल २०२५ मधलं. ड्यूटीवर असताना जेवायला आणि लघवी-संडासला जायला ठरलेली सुटी नियमात बसवा, अशी लोको पायलटांची बरीच जुनी मागणी होती. तुम्ही समितीचा अहवाल मान्य केलात आणि कळवलंत की अशी सुटी नियमानं बांधून देणं परिचालनाच्या दृष्टीनं शक्य नाही. निर्णय इंजिनातल्या माणसांबद्दलचा आहे, मान्य. पण त्याच गाडीच्या दुसऱ्या टोकाला गार्ड बसलेला असतो. इंजिनात निदान दोघं असतात. मागे तो एकटाच.

आमचं निमित्त मागच्या पावसाळ्यातलं. गाडीचं आणि स्टेशनचं नाव घेत नाही, कारण तिथं हजर असलेल्या कुणाचाच त्यात दोष नव्हता. परतीची गाडी एका लहान स्टेशनात तासाभराहून जास्त उभी होती. समोर लाल सिग्नल, वर धो धो पाऊस, मोबाइलला रेंज नाही. मी शेवटून दुसऱ्या डब्यात होते, म्हणून खाली उतरून शेडमध्ये उभी राहिले. गार्ड पन्नाशीचा असेल. पांढरा शर्ट खांद्यापर्यंत भिजलेला, हातात वॉकीटॉकी. दोनदा त्यानं स्टेशन मास्तरांना विचारलं, दोनदा एकच उत्तर आलं, "पुढं मालगाडी आहे, थांबा." शेवटी त्यानं आपल्या डब्याला कुलूप लावलं आणि प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला असलेल्या संडासाकडे भिजत गेला. सिग्नल नेमका तेव्हाच हिरवा झाला. इंजिनानं शिट्टी दिली, पुन्हा दिली. पाच-सात मिनिटांत तो जवळजवळ पळतच आला, हातात भरलेली पाण्याची बाटली.

तोवर त्याच्या दाराशी घोळका जमला होता. "टाइमपास करायला गेला होता का?" "पगार काय फिरायला घेता?" एकानं मोबाइलचा टॉर्च लावून कॅमेरा सरळ त्याच्या तोंडासमोर धरला. "साहेब, डब्यातल्या संडासाला पाणी नाही, सकाळपासून..." इतकं तो बोलला. वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नाही. त्यानं दार उघडलं तेव्हा आतल्या सीटवर स्टीलचा डबा दिसला. झाकणाला लावलेलं रबर तसंच होतं. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पासधारकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. वर लिहिलेलं: गार्ड चहा प्यायला गेला, हजार प्रवासी ताटकळले. त्याआधीचा तासाभराचा लाल सिग्नल व्हिडिओत कुठून येणार? पुढे त्या गार्डकडून लेखी खुलासा मागितल्याचं कानावर आलं. तो तास कुणामुळे गेला, याचा खुलासा मात्र आम्हाला आजवर मिळालेला नाही.

साहेब, तुम्हाला गार्डचं काम मी शिकवावं असं नाही, नियम तुमचेच आहेत. पण हे पत्र माझे सहप्रवासीही वाचणार आहेत, आणि आमच्यातल्या कितीतरी जणांची समजूत अशी की शेवटच्या डब्यातला माणूस हिरवी झेंडी दाखवायला ठेवलेला असतो. त्यांच्यासाठी थोडं लिहिते.

गाडी निघण्याआधी ब्रेकचा दाब शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचला का, हे गार्ड आपल्या डब्यातल्या गेजवर बघतो. इंजिनात पाच किलो दाब असेल तर मागे त्याच्या जवळपास दिसायलाच हवा. नाही दिसला तर मधे कुठेतरी नळी बंद आहे, आणि मागच्या डब्यांना ब्रेकच लागणार नाहीत. शेवटच्या डब्यावर 'एलव्ही' (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) अशी पाटी आणि रात्री लाल दिवा असतो. ती पाटी बघूनच पुढचा स्टेशन मास्तर ठरवतो की गाडी अख्खी आली, मधे तुटून काही मागे राहिलं नाही. गाडी कुठे किती मिनिटं थांबली आणि का थांबली, याची नोंद गार्डच्या जर्नलमध्ये होते. म्हणजे आमच्या उशिराचा खरा हिशेब ज्याच्याकडे लिहिलेला असतो, त्याच्यावरच आम्ही ओरडत असतो.

हे झालं रोजचं. गार्डची खरी गरज लागते ती गाडी दोन स्टेशनांच्या मधे अडकते तेव्हा. इंजिनानं चार छोट्या शिट्ट्या दिल्या की त्याचा अर्थ, गाडी पुढे जाऊ शकत नाही, मागून संरक्षण कर. मग गार्डनं लाल झेंडी किंवा लाल दिवा आणि फटाके घेऊन रुळावरून मागे चालत जायचं. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. रुळावर बांधायचे, वरून चाक गेलं की मोठा आवाज होतो आणि मागून येणाऱ्या गाडीचा चालक ब्रेक लावतो. ब्रॉडगेजवर गाडीपासून ६०० मीटरवर एक, १२०० मीटरवर तीन, आणि त्या तिघांत दहा-दहा मीटरचं अंतर. शेजारच्या रुळाला धोका असेल तर तो रूळ आधी राखायचा. ऑटोमॅटिक सिग्नलच्या भागात ही अंतरं कमी आहेत, पण चालत जावं लागतंच. अंधारात, पावसात, सुट्या खडीवरून बाराशे मीटर. आमच्यातले तरुण लोक प्लॅटफॉर्म एकवरून चारवर जायला सरकता जिना शोधतात.

कुणी म्हणेल, हे सगळं पुस्तकातलं. आमच्या दारातलं सांगते. ३ एप्रिल २०२२ ला दुपारी लहवित आणि देवळालीच्या मधे पवन एक्स्प्रेसचे डबे घसरले. नाशिकरोडहून हाकेच्या अंतरावर. डबे घसरले की पहिला प्रश्न, शेजारच्या रुळावरून कोण येतंय? २२ जानेवारी २०२५ ला आमच्याच भुसावळ विभागात, पाचोऱ्याजवळ परधाडे इथं या प्रश्नाचं उत्तर फार भयंकर मिळालं. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली, साखळी ओढली गेली, माणसं घाबरून शेजारच्या रुळावर उतरली आणि वळणावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली. तिथं गार्डचं काही चुकलं असं मी मुळीच म्हणत नाही, इतक्या कमी वेळात कुणाच्याही हातात फारसं काही नव्हतं. मी एवढंच म्हणते की अशा वेळी ज्याच्याकडून सेकंदात निर्णयाची अपेक्षा आहे, तो माणूस उपाशी, पेंगुळलेला आणि लघवी तुंबवून बसलेला चालेल का? १७ जून २०२४ ला बंगालमध्ये रंगापानीजवळ उभ्या कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीनं मागून धडक दिली. त्या एक्स्प्रेसचा गार्ड त्यात मारला गेला. मागून येणारी धडक पहिल्यांदा बसते ती त्याच टोकाला.

आणि आमच्या वाटेवर घाट आहे. कसारा ते इगतपुरी चढ एकास सदतीस. सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात तेव्हा बहुतेक गाड्या वर येतात. मुंबईकडे उतरताना ब्रेक तपासल्याशिवाय इगतपुरी सोडत नाहीत, आणि ब्रेक सुटलेली गाडी अडवायला घाटात कॅच साइडिंग ठेवलेली आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये तिथं धुकं असं असतं की खिडकीतून पुढचा डबा दिसत नाही. या घाटातून आम्ही रोज झोपा काढत जातो. गाडीच्या दोन्ही टोकांना कुणीतरी जागं आहे, या भरवशावर.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार तासांची. रेल्वे कायदा १९८९ मध्ये कामाच्या तासांचं वेगळं प्रकरण आहे, २००५ चे कामाचे तास आणि विश्रांतीचे नियम आहेत. रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवरच्या लोको पायलट-गार्ड मंडळींना, महिन्यातून निदान चार वेळा सलग ३० तासांची किंवा पाच वेळा २२ तासांची, रात्रीच्या झोपेसकट विश्रांती, असं कायद्यात आहे. सलग धावण्याची ड्यूटी साधारण नऊ तासांपलीकडे जाऊ नये आणि साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत, म्हणजे हजेरी लावल्यापासून सुटेपर्यंत, अकरा तासांत आटोपावी, अशा तुमच्याच सूचना आहेत. ऐकायला छान. पण त्या 'साधारण'मध्ये किती गाड्या मावतात, हे गार्ड-पायलट हजेरी लावतात त्या कुठल्याही लॉबीत उभं राहून विचारा. गाडी रखडली की तास वाढतात. तास संपत आले की गार्ड बदली मागतो. बदली जवळपास नसते. मग मालगाडी बाजूच्या रुळावर, लूपलाइनला टाकायची किंवा "एवढं पुढच्या स्टेशनपर्यंत घेऊन जा" म्हणून गळ घालायची. मालगाडी जिथं उभी राहिली तिथून मागच्या सगळ्या गाड्या अडकतात, आणि आम्ही कसाऱ्याला डास मारत बसतो. म्हणजे माणसाला वेळेवर सोडलं नाही की गाडीही वेळेवर सुटत नाही. विश्रांती दिली तर गाड्या लेट होतील, असं तुमच्या नकारामागे असेल तर ते मला म्हणूनच पटत नाही. विश्रांतीची सोय न केल्यामुळे होणारा उशीर आम्ही रोज बघतो. त्याला नाव मात्र "परिचालनिक कारण" असं मिळतं.

त्यात तास मोजून दिले तरी त्या तासांच्या आत काय, हा प्रश्न उरतोच. १९४८ च्या कारखाना कायद्यानं ठरवलं की पाच तास काम झालं की कामगाराला निदान अर्धा तास मोकळा मिळाला पाहिजे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पिढ्या त्या अर्ध्या तासावर जेवल्या. आमच्या नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, तिथंही माणसं जेवायच्या सुटीत जेवतात, आणि म्हणून देशात नोटांचा तुटवडा पडल्याचं ऐकलं नाही. नाशिक-मुंबई एसटीसुद्धा वाटेत थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर चहा घेतात, प्रवाशांपैकी कुणी बाह्या सरसावत नाही. मग ज्याच्यामागे हजार-दीड हजार जीव आहेत, त्याच्याच बाबतीत ही गोष्ट अशक्य कशी?

मी भलतं मागत नाही. इगतपुरीहून मुंबईला अडीच-तीन तासांत पोहोचणाऱ्या आणि तिथं ड्यूटी संपणाऱ्या माणसासाठी गाडी मधे थांबवा, असं कुणी म्हणत नाही. प्रश्न लांबच्या पल्ल्याचा आणि मालगाड्यांचा आहे. आणि मिनिटं नाहीत असंही नाही. आम्ही रोजचे प्रवासी वेळापत्रक पाठ केलेले लोक आहोत. गाडी शेवटच्या स्टेशनावर वेळेत दिसावी म्हणून अखेरच्या टप्प्यात मोकळी मिनिटं कशी पेरलेली असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. आकडेवारी सुंदर दिसावी म्हणून मिनिटं सापडतात. ती मनमाडला, इगतपुरीला, भुसावळला माणसासाठीही सापडतील.

दुसरी तक्रार सोयींची. मालगाडीच्या जुन्या चारचाकी ब्रेकव्हॅनमध्ये ना दिवा, ना पंखा, ना संडास. मे महिन्यात चाळीसगाव-मनमाड पट्ट्यात तो पत्र्याचा खोका काय तापत असेल, ते बाहेरून हात लावला तरी कळतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सुरेखा यादव निवृत्त झाल्या. ही साताऱ्याकडची बाई, आशियातली पहिली महिला लोको पायलट. शेवटची ड्यूटी म्हणून इगतपुरीहून मुंबईपर्यंत राजधानी घेऊन गेल्या. हारतुरे झाले, फोटो झाले, आम्हा सगळ्या बायकांना अभिमान वाटला. आज लोको पायलट आणि गार्ड म्हणून मुली नोकरीला लागताहेत. पाळीच्या दिवसांत आठ-नऊ तास संडासाशिवाय ब्रेकव्हॅनमध्ये बसायचं, तर त्यांनी काय करायचं? पाणी पिणं बंद करतात, दुसरं काय करणार. तुमच्या समितीत हा प्रश्न कुणी विचारला होता का, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय.

गार्डचं ड्यूटीचं सामान ठेवायची पेटी, म्हणजे लाइन बॉक्स, काढून ट्रॉली बॅग दिल्याचं प्रकरण गार्ड लोकांकडूनच ऐका, ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.

तिसरी तक्रार आमची, प्रवाशांची. तुम्ही आम्हाला काही सांगत नाही. "प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे वाक्य ऐकून ऐकून ते आता पंख्याच्या आवाजात मिसळून गेलंय. गाडी का थांबली, साधारण किती वेळ थांबेल, एवढं कळलं तरी माणूस निम्मा शांत होतो. घाटात दरड आली, पुढं इंजिन फेल झालं, साखळी ओढली, वंदे भारतला पुढे काढायचंय, क्रूचे तास संपले. जे असेल ते सांगा ना. आम्ही ऐकून घेऊ. पंचवटी एक्स्प्रेसचा, १ नोव्हेंबर १९७५ ला सुरू झालेल्या गाडीचा, दरवर्षी वाढदिवस साजरा करणारे लोक आहोत आम्ही. रेल्वेवर आमच्याइतका जीव लावणारे प्रवासी शोधून सापडायचे नाहीत. पण काहीच कळलं नाही की लोकांना समोर दिसेल तो माणूस सापडतो, आणि कंट्रोल ऑफिस तर प्लॅटफॉर्मवर दिसत नाही. दिसतो तो गार्ड. माहिती न देऊन तुम्ही आमचा राग त्याच्या दारापर्यंत पोहोचवता, आणि वर खुलासाही त्यालाच विचारता.

चौथी. मालगाडीच्या शेवटच्या वॅगनवर यंत्र बसवून गार्डची गरजच संपवायची, असा बेत आहे. ईओटीटी नावाचं ते यंत्र ब्रेकचा दाब आणि गाडी अख्खी आहे की नाही हे रेडिओवरून इंजिनाला कळवतं. चांगलंच आहे, बसवा. पण घाटात गाडी तुटली, डबे घसरले, तर फटाके घेऊन बाराशे मीटर कोण चालणार आहे? इंजिनातल्या दोघांपैकी एकाला धाडायचं, तर त्यानं आधी सगळी मालगाडी ओलांडायची आणि मग पुढचे बाराशे मीटर. याचं उत्तर देऊन मग माणूस कमी करा.

आता सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण. २०२७ मध्ये अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या ११-१२ तारखांना. म्हणजे ऐन पावसात. नाशिकरोड, देवळाली, ओढा सगळीकडे कामं चालू आहेत, प्लॅटफॉर्म, पूल, रंगरंगोटी. जादा गाड्यांचे आकडे रोज पेपरात येतात. त्या जादा गाड्यांना जादा गार्ड आणि जादा लोको पायलट कुठून येणार, हे एकाही बातमीत मी वाचलेलं नाही. डबे दुसऱ्या विभागातून आणता येतात. घाट ओळखणारी माणसं आणायची तर त्यांना आधी मार्ग शिकवावा लागतो. तेव्हा आहेत त्यांनाच दामटायचं ठरलं असेल तर आजच सांगा. १५ फेब्रुवारी २०२५ ला प्रयागराजच्या कुंभाला निघालेल्या लोकांची नवी दिल्ली स्टेशनावर काय गत झाली, हे देशानं बघितलंय. गर्दी, गोंधळाच्या घोषणा आणि थकलेला कर्मचारी या तिन्ही गोष्टी नाशिकरोडला एका रात्री एकत्र यायला नकोत.

इथं दोन शब्द माझ्या डब्यातल्या मंडळींशीही बोलते, त्यांनी राग मानू नये. गाडी लेट झाली म्हणून साखळी ओढणाऱ्याला आपल्यातलेच लोक 'भारी' म्हणतात. साखळी ओढली की ती कुठल्या डब्यात ओढली हे शोधायचं, तिथं जायचं, ती पूर्ववत करायची, ब्रेकचा दाब पुन्हा भरू द्यायचा. आपल्या गाडीची दहा मिनिटं जातात आणि मागच्या गाड्यांचं विस्कटतं ते वेगळंच. कायद्यानं तो गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, पण कायदा बाजूला ठेवा. मागच्या लोकलमधल्या टिटवाळ्याच्या आजीला स्टेशनावर उतरवून घ्यायला तिचा मुलगा ताटकळतोय, तेवढं आठवा. आणि गार्डच्या तोंडासमोर मोबाइल धरायचा असेल तर आधी सिग्नलचाही फोटो काढा. विचारायचं असेल तर काय झालं ते विचारा, जरूर विचारा. अरे-तुरेवर येऊन त्याचा बाप काढायची गरज नसते. तो आपल्या वडिलांच्या, भावाच्या वयाचा असतो आणि बहुतेक वेळा आपल्याआधी कितीतरी तास घरून निघालेला असतो.

महोदय, मागण्या साध्या आहेत.

१. एप्रिल २०२५ च्या निर्णयाचा फेरविचार करावा. सलग पाच तासांहून जास्त चालणाऱ्या ड्यूटीत लोको पायलट आणि गार्ड दोघांनाही निदान वीस मिनिटांची सुटी वेळापत्रकातच, ठरलेल्या स्टेशनांवर द्यावी. हे निदान भुसावळ आणि मुंबई विभागात सहा महिने करून बघावं आणि गाड्या त्यामुळे खरोखर किती लेट झाल्या ते जाहीर करावं.

२. नऊ आणि अकरा तासांच्या मर्यादा किती वेळा मोडल्या, याचे दोन्ही विभागांचे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध करावेत. ट्रेन मॅनेजर आणि लोको पायलटांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हेही. आम्हाला माहितीच्या अधिकाराचे अर्ज करायला लावू नयेत.

३. घाटाच्या आधी, इगतपुरी आणि कसारा इथं बदली क्रू तयार असावा. तास संपत आलेल्या माणसाला घाटात पाठवू नये.

४. संडास आणि दिवा नसलेली ब्रेकव्हॅन ड्यूटीला लावू नये. गार्डच्या डब्यातल्या संडासात पाणी नसेल तर ती गाडी निघण्याआधी दुरुस्त करायची गोष्ट समजावी.

५. लघवी-संडासला किंवा सुरक्षेच्या तपासणीला लागलेल्या मिनिटांबद्दल कुणाकडूनही खुलासा मागू नये, तसं लेखी परिपत्रक काढावं.

६. गाडी पंधरा मिनिटांहून जास्त थांबली तर कारण आणि अंदाजे वेळ मराठीत, गाडीत आणि स्टेशनात सांगावी. ते सांगायची जबाबदारी गार्डवर टाकू नये, त्याच्यासाठी वेगळा माणूस नेमावा.

७. सिंहस्थाच्या जादा गाड्यांसोबत जादा क्रूचा आराखडाही ध्वजारोहणाच्या आधी जाहीर करावा.

यातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या मागणीला फारसा पैसा लागत नाही. त्या या महिन्यातही होऊ शकतात.

हे पत्र टपालानंही पाठवत आहे. मधे त्या व्हिडिओवरून आमच्या ग्रुपवर बरंच घमासान झालं, त्यानंतर काही पासधारकांनी स्वतःहून सह्या दिल्या आहेत, त्यांची यादी टपालाच्या प्रतीला जोडली आहे. उत्तर हो असो की नाही, कृपया लेखी आणि मुद्देसूद द्यावं. पहिली मागणी नाकारायची असेल तर "परिचालनाच्या दृष्टीनं शक्य नाही" एवढ्यावर न थांबता कोणत्या मार्गावर, कोणत्या गाडीला, किती मिनिटं कमी पडतात ते मांडावं. आम्ही वेळापत्रक घेऊन बसू आणि मिनिटं शोधून देऊ.

आपली,
एक पासधारक
जेलरोड, नाशिकरोड